तडा गेलेला बॉयलर आणि विक्रांत

४ डिसेंबर आला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. विक्रांतने १९७१ मध्ये कराची बंदर जाळलं, म्हणून आजचा नौदल दिन. खाली तिरंगा, हात जोडलेले, दोन-चार तोफा.

मंडळी, विक्रांत त्या रात्री कराचीच्या जवळपासही नव्हती. कराचीवर गेल्या त्या निर्घात, निपात आणि वीर या तीन लहान मिसाईल बोटी. नौदल दिन त्यांच्या त्या हल्ल्याचा. विक्रांत होती देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या उपसागरात. ती तिकडे का होती, ही गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, पण ती कोणी सांगत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं. ही बोट मुळात आपल्यासाठी बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इंग्रजांनी 'हर्क्युलिस' नावानं तिचं काम काढलं. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली तोवर युद्ध संपलं होतं. काम अर्धवट थांबलं आणि सांगाडा दहाएक वर्षं तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारतानं तो विकत घेतला, बेलफास्टच्या गोदीत पुरा करून घेतला. ४ मार्च १९६१ ला तिथंच विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती आपल्या नौदलात आली. नोव्हेंबरात मुंबईला पोचली तेव्हा स्वागताला स्वतः पंडित नेहरू होते. लांबी सुमारे ७०० फूट. पोटात सी हॉक ही लढाऊ जेट विमानं आणि पाणबुड्या हुडकणारी फ्रेंच बनावटीची अलिझे. त्याच डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी ती समुद्रात पहाऱ्याला होती, पण तिच्या विमानांना काही करायची वेळ आली नाही.

मग आलं १९६५. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, नौदलप्रमुख भास्करराव सोमण, दोघंही मराठी. आणि विक्रांत? मुंबईत, दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत. पाकिस्ताननं तर ती बुडवल्याचंही जाहीर करून टाकलं. त्यांच्या युद्धनौका येऊन द्वारकेवर गोळे टाकून गेल्या आणि आपली सगळ्यात मोठी बोट गोदीत उभी. युद्ध बावीस-तेवीस दिवसांत आटोपलं. विक्रांतवरच्या लोकांना हे किती लागलं असेल? बंदराचा पांढरा हत्ती, असं लोक बोलायचे.

आता मुख्य गोष्ट. १९७० च्या मध्यात कळलं की विक्रांतच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमना तडे गेलेत. वेल्डिंग करून भागेल असे नाहीत. नवे ड्रम इंग्लंडहून मागवायचे, म्हणजे वेळ लागणार. तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत, असा आदेश निघाला.

बॉयलर म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. जिनिंग-प्रेसिंगचे जुने कारखाने वाफेवर चालायचे. आपल्या शकुंतलेचं इंजिनही वाफेचंच. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर ओढत राहिलं. ज्यांनी ते इंजिन जवळून पाहिलंय त्यांना तडा गेलेल्या बॉयलरशेजारी उभं राहणं म्हणजे काय ते कळेल. दाब वाढला, ड्रम फुटला तर इंजिनरूममधला माणूस वाचत नाही.

आणि विमानवाहू बोटीत वाफ फक्त पंखे फिरवत नाही. छोट्या डेकवरून विमान उडायचं तर त्याला गलोलीसारखं पुढे फेकावं लागतं. ती गलोलही, म्हणजे कॅटापल्ट, वाफेवरच चालते. शिवाय बोट वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून जोरात पळाली तर समोरून वारा मिळतो आणि विमान सहज उचललं जातं. म्हणजे वाफ कमी, तर वेगही कमी अन् फेकही कमी. वारा पडलेला असला तर आणखीच पंचाईत.

१९७१ उजाडलं. पूर्व पाकिस्तानात मार्चपासून कत्तल सुरू, निर्वासितांचे लोंढे येतायत, युद्ध होणार हे दिसतंय. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांच्यापुढं प्रश्न : विक्रांतला पुन्हा बंदरात ठेवायची? युद्धात जी विमानवाहू नौका बाहेर पडत नाही ती पुढं कोणी पोसत नाही, आणि नौसैनिकांचं मन मोडतं ते वेगळंच. त्यांनी जोखीम घेतली. नवे ड्रम येण्याआधीच, कमी दाबावर, बॉयलर पेटवून चाचण्या घेतल्या. सर्वात खराब बॉयलर बंद ठेवून बाकीच्यांवर बोट चालवायची ठरलं. बनावटीप्रमाणे तिचा वेग साडेचोवीस नॉट, प्रत्यक्षात त्यापेक्षा पुष्कळ कमी मिळत होता.

अशी लंगडी बोट पश्चिमेकडे नेणं धोक्याचं होतं. कराचीच्या बाजूला पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या. पूर्वेकडे, तीन हजार मैलांचा वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत येऊ शकेल अशी त्यांच्याकडे एकच पाणबुडी होती, गाझी. म्हणून विक्रांत पूर्वेला. साधा हिशेब होता. आपल्या फॉरवर्डवाल्यांना तो भित्रेपणा वाटेल, मला तो शहाणपणा वाटतो.

नोव्हेंबरच्या मध्यात गाझी कराचीहून निघाली ती खास विक्रांतला शोधायला. इकडे पूर्व कमानचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानात नेऊन लपवलं. आणि विशाखापट्टणमजवळ आयएनएस राजपूत ही जुनी विनाशिका ठेवून तिच्या वायरलेसवरून असे संदेश सोडले की ऐकणाऱ्याला वाटावं, विक्रांत इथंच आहे. गाझी विशाखापट्टणमला आली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती नव्वदहून अधिक माणसांसह तळाला गेली. राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जनी फुटली की स्वतःच्याच सुरुंगांनी, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. २०१७ च्या सिनेमात दाखवलेली पाणबुडीतली लढाई मात्र लेखकाची, ती तशी झाली नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध लागलं. ४ तारखेला सकाळी विक्रांतच्या डेकवरून आठ सी हॉक उडाली आणि कॉक्स बाजारच्या विमानतळावर बॉम्ब पडले. त्याच दिवशी चितगाव. पुढचे काही दिवस खुलना, मोंगला, चितगाव पुन्हा. बंदरं, धावपट्ट्या, तेलाच्या टाक्या, पळून जाऊ पाहणारी जहाजं. रात्री अलिझे जायची. वारा पडलेला असताना तडा गेलेल्या बॉयलरावर हे सगळं चाललं होतं. खाली इंजिनरूममध्ये जी पोरं उभी होती त्यांचे फोटो कुठं छापले जात नाहीत.

परिणाम काय झाला? पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून मदत येण्याची आणि समुद्रातून निसटण्याची, दोन्ही वाटा बंद झाल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं आली. महावीर चक्रवाले म्हणजे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉक तुकडीचे लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. किंमतही मोजावी लागली, पण पश्चिमेला. ९ डिसेंबरला खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, त्यांतच कॅप्टन मुल्ला. आनंदाच्या फॉरवर्डमध्ये खुकरी क्वचितच असते.

आपल्या जिल्ह्याचा एक संदर्भ इथं सांगून टाकतो. मुंबईत ब्लॅकआउट पाळला जात होता तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. आपल्याकडून समुद्र सहाशे किलोमीटरहून लांब असला तरी तो 'मुंबईवाल्यांचा विषय' नव्हता आणि आजही नाही.

पुढं विक्रांत बराच काळ चालली. ऐंशीच्या दशकात तिच्यावर सी हॅरियर विमानं आली, डेकचं पुढचं टोक वर उचललं गेलं. (त्यामुळं ज्या फोटोत समोरचा उतार वर गेलेला दिसतो तो फोटो १९७१ चा नाही, हे लक्षात ठेवा.) नोव्हेंबर १९९४ मध्ये ती शेवटची समुद्रात गेली. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही त्याच वर्षी थांबलं होतं. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत सेवेतून निवृत्त झाली.

आता खरं दुखणं. तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. २००१ मध्ये लोकांना पाहायला खुलीही झाली. मी ती तेव्हाच एकदा पाहिली, धामणगावहून रात्रीची गाडी धरून गेलो होतो. रांगेत दोन तास. हँगरमध्ये विमानं मांडलेली, लोखंडी जिने, रंगाचे पोपडे, आणि सगळीकडे तेलाचा तो जुना वास. आमच्या पुढं एक बाप पोराला कॅटापल्टची खाच दाखवून समजावत होता, त्याला स्वतःलाही फारसं कळलेलं नव्हतं, तरी समजावत होता. अशी जागा पुस्तकानं भरून निघत नाही.

पण सांभाळायला कायमची जागा मिळाली नाही, पैसा मिळाला नाही, खासगी कोणी पुढं आलं नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ती बंद केली. २०१३ च्या शेवटी लिलाव निघाला. लोक हायकोर्टात गेले, सुप्रीम कोर्टात गेले, उपयोग झाला नाही. मुंबईच्या दारुखान्यातल्या भंगारवाल्या कंपनीनं ती ६० कोटींना घेतली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तोडायला सुरुवात झाली. तिच्या नावानं निधी गोळा करण्यावरून नंतर जे राजकारण झालं ते तुम्ही पेपरात वाचलंय, मी त्यात शिरत नाही.

एकदा झालं, चुकलो म्हणू. पण दुसऱ्यांदा? विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. ही १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती, तेव्हा नाव हर्मिस. २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं तरंगतं संग्रहालय करायला ८५२ कोटींची योजना मंजूर केली. पेपरात मोठाले फोटो आले. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून अलंगला गेली, भंगारात, सुमारे ३८ कोटींना. सुप्रीम कोर्टानं तोडणीला स्थगिती दिली तोवर बरीच तोडून झाली होती.

१९९७ पासून २०२० पर्यंत मुंबईत युतीचं सरकार होतं, आघाडीचं होतं, पुन्हा युतीचं, मग महाविकास आघाडीचं. दिल्लीतही सगळे येऊन गेले. त्यामुळं कॉमेंटमध्ये कृपया 'तुमच्या सरकारनं' सुरू करू नका, सगळ्यांची पाळी होऊन गेली. होत नाही असं म्हणावं तर विशाखापट्टणमला १९७१ च्या काळातली कुरसुरा ही पाणबुडी २००२ पासून समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे, तिकीट काढून लोक आत जातात. ती विक्रांतपेक्षा खूप लहान, खर्च कमी, हे मान्य. पण त्यांनी वाळूवर ओढून आणली आणि केलं.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली. आपल्याच देशात बांधलेली, ४० हजार टनांच्या वरची. क्रमांक जुनाच, आर ११. त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वजही आला, छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनासह. अभिमान आहेच.

जुनीचं काय उरलंय, तर मुंबईत नेव्हल डॉकयार्डजवळ तिच्याच धातूचं एक स्मारक आहे, २०१६ मधलं. सी हॉक आणि अलिझे पाहायचं तर गोव्याला वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जा, पोरांना नक्की न्या. आणि काही लोखंड बजाजनं घेऊन २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटरसायकल काढली. आर्णी रोडला अजून एखादी दिसते. परवा एकाला विचारलं, गाडीत काय आहे माहीत आहे का? तो म्हणाला, "काऊन, ॲव्हरेज चांगला देते ना."