वाटले ते टिकते का?

शिक्षकांजवळ ४० पानांची टिपणवही आहे आणि वर्गात ४० मुले आहेत, असे समजू. सर्वांना शिक्षकांनीच प्रती करून द्यायच्या, तर १६०० पाने लिहावी लागतील. दुसरी रीत अशी : प्रत्येक मुलाला एकेक वेगळे पान द्यायचे आणि उरलेली पाने एकमेकांकडून उतरवून घ्यायला सांगायचे. आता शिक्षक ४० पाने लिहितात, मुले १५६०. एकूण काम कमी झाले नाही, ते वाटले गेले. संगणकांच्या जाळ्यात याच रीतीला 'पिअर-टू-पिअर', म्हणजे बरोबरीच्या संगणकांमधली देवाणघेवाण, म्हणतात.

जून १९९९ मध्ये अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने 'नॅपस्टर' सुरू केले. गाणी लोकांच्या संगणकांवर असत. कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची मात्र मध्यवर्ती संगणकांवर असे. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. गाणी जागच्या जागी होती, पण सूचीच गेल्याने ती सापडेनात. मार्च २००० मध्ये आलेल्या 'न्यूटेला'त अशी सूचीच नव्हती. प्रत्येक संगणक शेजाऱ्यांना विचारी, ते आपल्या शेजाऱ्यांना. संगणक वाढले तशी नुसत्या चौकशांचीच गर्दी झाली.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी 'बिटटोरेंट' आणले. त्यांनी शोधाचा प्रश्न बाजूला ठेवून वाटपाचा हाती घेतला. फाइलचे तुकडे करायचे, सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी मागायचा आणि जो देतो त्याला आधी द्यायचे. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण आधीच ठरलेली असल्याने बिघडलेला तुकडा लगेच ओळखता येतो. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली अशाच वाटल्या जातात. 'इंटरनेट आर्काइव्ह'नेही २०१२ मध्ये आपला मोठा संग्रह या मार्गाने खुला केला.

परंतु खूण जुळली म्हणजे प्रत मूळ फाइलसारखी आहे, एवढेच कळते. मजकूर खरा आहे की नाही, तो वाटण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय फाइल मिळाली की बहुतेक जण निघून जातात. एका तुकड्याची शेवटची प्रत गेली की सगळ्यांचीच वही अपुरी राहते. मागणी असलेली फाइल टिकते, क्वचित लागणारी नाहीशी होते. आम्हा संशोधकांना तर वीस वर्षांनी एखाद्यालाच लागेल अशी आकडेवारीही जपायची असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लॉक्स' प्रकल्पाने यावर वाट काढली. त्यातील ग्रंथालये नियतकालिकांच्या प्रती आपापल्याकडे ठेवतात, वेळोवेळी एकमेकांशी ताडून पाहतात आणि बिघडलेली प्रत दुरुस्त करतात. रीत बरोबरीचीच आहे; फरक इतकाच, की येथे प्रत्येकाने जपण्याची जबाबदारी पत्करलेली असते.

वर्गात १० मुलांना १० पाने देऊन हा खेळ करून पाहावा. उतरवणे सुरू होण्याआधीच दोघांना पानांसह बाहेर पाठवावे, आणि वही पूर्ण का होत नाही ते मुलांनाच शोधू द्यावे.