काचेच्या दिव्यांवरील डेकूपाज

काचेच्या दिव्यांवरील डेकूपाज ही छापील अथवा रंगीत कागदाची कात्रणे दिव्याच्या काचेवर चिकटवून त्यांवर पारदर्शक वार्निशाचे थर देण्याची हस्तकला आहे. ‘डेकूपाज’ हा शब्द ‘कापून काढणे’ या अर्थाच्या ‘देकूपे’ या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. लाकडी पेट्या, ट्रे, फुलदाण्या यांवरही याच पद्धतीने काम केले जाते. दिव्याच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी वेगळ्या असतात. दिवा बंद असताना चित्र कागदावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात दिसते, तर दिवा लागल्यावर तेच चित्र कागदातून आरपार येणाऱ्या प्रकाशात दिसते. शिवाय कागद व डिंक हे दोन्ही पदार्थ उष्णतेच्या सान्निध्यात राहतात. कागदाची निवड, तो चिकटवण्याची बाजू आणि बल्बचा प्रकार या दोन गोष्टींवरून ठरतो.

इतिहास

सतराव्या व अठराव्या शतकांत चीन आणि जपानमधून युरोपात येणाऱ्या लाखकामाच्या वस्तूंना मोठी मागणी होती. त्या महाग असल्यामुळे व्हेनिसमधील कारागिरांनी छापील चित्रे रंगवून व कापून फर्निचरवर चिकटवण्यास आणि त्यांवर वार्निशाचे अनेक थर चढवण्यास सुरुवात केली. या कामास ‘लाक्का पोवेरा’, म्हणजे गरिबांचे लाखकाम, असे नाव पडले. त्यासाठी लागणारी चित्रे उत्तर इटलीतील बासानो येथील रेमोंदिनी घराण्याच्या छापखान्यातून निघत असत. नाव गरिबांचे असले तरी पुढे ही कला फ्रान्स व इंग्लंडमधील सधन घरांतील स्त्रियांचा विरंगुळा बनली. इ.स. १७६०च्या सुमारास लंडनमधील प्रकाशक रॉबर्ट सेयर याने ‘द लेडीज अम्यूझमेंट’ हे कापून वापरण्याजोग्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या संदर्भात मेरी डेलानी (१७००–१७८८) यांचे नाव नेहमी घेतले जाते. तथापि ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली त्यांची फुलांची चित्रे रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर जोडून केलेली आहेत. छापील चित्रांवर वार्निश देण्याच्या पद्धतीशी त्यांचा संबंध दूरचाच आहे.

काचेवरील कामाची खरी पूर्वज म्हणजे १८५०च्या दशकात फ्रान्स व इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेली ‘पोतिशोमानी’. ‘पोतिश’ म्हणजे चिनी मातीची बरणी आणि ‘मानी’ म्हणजे वेड. साध्या काचेच्या बरणीच्या आतून चित्रे चिकटवत, ती वाळल्यावर आतील सर्व पृष्ठभागावर अपारदर्शक रंग देत. बाहेरून पाहणाऱ्यास बरणी महागड्या पोर्सलीनची वाटे.

काचेच्या मागून काम करण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. काचेच्या पाठीमागून रंगवलेल्या चित्रांचे नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ती रंगचित्रे आहेत, डेकूपाज नव्हे. परंतु समोर दिसायचे ते आधी व पार्श्वभूमी शेवटी, हा क्रम दोन्हींत सारखाच आहे.

काचेची बाजू

कात्रण काचेच्या बाहेरून लावल्यास ते बल्बपासून दूर राहते व चुकल्यास सहज काढता येते. मात्र त्यावर वार्निशाचे संरक्षण आवश्यक असते. आतून लावताना डिंक चित्राच्या दर्शनी बाजूस लावतात. बाहेरची काच गुळगुळीत व पुसण्याजोगी राहते, पण कागद उष्णतेकडे जातो. म्हणून टेबल लॅम्पच्या पोकळ काचेच्या बैठकीसाठी आतील पद्धत योग्य ठरते, कारण तेथे बल्ब बैठकीच्या वर, बाहेर असतो. ज्याच्या आतच बल्ब आहे अशा काचेच्या हंडीवर किंवा बरणीवर कागद बाहेरून लावणे श्रेयस्कर.

कागद

दिव्यासाठी कागद पातळ व एकाच बाजूस छापलेला असावा. मासिकाचे पान दिवसा सुबक दिसते, परंतु दिवा लावताच मागील मजकूर चित्रातून उमटतो. वर्तमानपत्राचा कागद काही काळाने पिवळा पडतो. तीन पदरी कागदी रुमालाचा केवळ छापील वरचा पदर वेगळा करून वापरतात; तो काचेवर जवळजवळ विरून गेल्यासारखा दिसतो. ‘राइस पेपर’ या नावाने विकला जाणारा कागद बहुधा तुतीसारख्या वनस्पतींच्या तंतूंपासून बनतो, तांदळापासून नव्हे; त्याचे लांब तंतू उजेडात दिसतात व तो ओला झाला तरी चटकन फाटत नाही. घरच्या इंकजेट छपाईची शाई पाण्याने पसरण्याचा संभव असतो, तर लेझर छपाई टिकते. दोन कात्रणे जेथे एकमेकांवर येतात तेथे उजेडात गडद पट्टा दिसतो. म्हणून काम चालू असताना काच खिडकीसमोर धरून पाहण्याची सवय उपयुक्त ठरते.

गोल आवरणावर सपाट कागद सुरकुत्यांशिवाय बसत नाही. पृथ्वीगोल बनवणारे नकाशा दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्यांत छापतात, त्याच कारणाने येथेही कागद पट्ट्यांत किंवा लहान तुकड्यांत लावतात.

कृती

काच साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून स्पिरिटने पुसतात, कारण बोटांच्या तेलकट डागावर डिंक धरत नाही. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा पांढरा डिंक (घरोघरी परिचित असलेला फेव्हिकॉल याच प्रकारचा) थोडे पाणी घालून पातळ करतात आणि त्याचा पातळ थर काचेवर लावून कात्रण ठेवतात. मऊ ब्रशने मध्यापासून कडेकडे जात हवा व जादा डिंक बाहेर काढतात. ओला कागद फुगतो. बारीक सुरकुत्या वाळताना अनेकदा आपोआप ताणल्या जातात, त्यामुळे त्या पुन्हापुन्हा दाबण्यात कागद फाटण्याचाच धोका अधिक. हवेचे बुडबुडे मात्र ओले असतानाच काढावे लागतात, कारण दिवा लागल्यावर ते स्पष्ट दिसतात. एक दिवस वाळू दिल्यानंतर पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशाचे दोन-तीन पातळ थर देतात. एकच जाड थर दुधाळ राहू शकतो.

उष्णता व सुरक्षितता

तंतूच्या बल्बमध्ये विजेचा फारच थोडा भाग प्रकाशात व उरलेला उष्णतेत जातो. ६० वॅटच्या अशा बल्बची काच १०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. पांढरा डिंक त्याहून पुष्कळच कमी तापमानाला मऊ होऊ लागतो, त्यामुळे कागद पेटण्यापूर्वीच कडा सुटतात, रंग तपकिरी होतो. तेवढाच प्रकाश सुमारे ८ ते १० वॅटचा एलईडी दिवा देतो. त्याचीही मागची बाजू तापत असल्याने पूर्ण बंद बरणीत तो ठेवू नये. वर व खाली हवेला वाट असावी. बॅटरीवरील लहान एलईडी माळ सर्वांत निर्धोक.

रॉकेलच्या कंदिलाच्या वापरातील काचेवर हे काम करू नये, कारण ती काच ज्योतीने फार तापते. मेणबत्ती ठेवायच्या लहान ग्लासातही आतून कागद लावणे धोक्याचे असते. होल्डर, तार व खटका यांना डिंक किंवा वार्निश लागू देत नाहीत, आणि काम सुरू करण्यापूर्वी दिव्याची तार काढून ठेवतात.

देखभाल

पांढरा डिंक ओलाव्याने पुन्हा मऊ होतो. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात कडा उचलल्या जाण्याची तक्रार त्यामुळेच अधिक आढळते. कडांवर वार्निशाचा आणखी एक थर देऊन ती बरीच टाळता येते. असा दिवा धुतला जात नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसला जातो. बाहेरून लावलेला कागद कोमट पाण्यात भिजवून खरवडला की काच पुन्हा वापरता येते.