१६० फुटांचे घर, १४८ फुटांची गाडी

"राहायला जागा नाही आणि दारात गाड्या मात्र रांगेने उभ्या!" हे वाक्य चाळीत वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकले आहे. ऑफिसात ऐकले आहे, नाक्यावर हवालदाराकडून ऐकले आहे, शेजारच्या टॉवरमधल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. वाईट याचे वाटते की आता आपलीच माणसे ते एकमेकांना ऐकवू लागली आहेत.

रात्री अकरानंतर वरळीच्या, नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत एक फेरी मारा. दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात बाईका हँडलला हँडल लावून उभ्या असतात. त्यांच्या पलीकडे टॅक्सी, टेम्पो, एखादी हप्त्यावर घेतलेली कार. मध्येच दगड भरलेला रंगाचा डबा, मोडकी खुर्ची, नाहीतर जुना टायर, म्हणजे ही जागा कुणाची तरी आहे. १४ एप्रिलला एकाच मिरवणुकीत नाचलेली दोन पोरे त्या डब्यावरून एकमेकांची कॉलर धरतात. भांडण मिटवायला आलेला वडीलधारा शेवटी म्हणतो, "लोकांनी गाड्याच फार घेतल्यात रे."

हे अर्धसत्य आहे. गाड्या वाढल्या हे खरे. पण जागा कुणी मोजली, कशी मोजली, आणि मोजताना कुणाला किती धरले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारायचा तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रोगराई दाटीवाटीच्या वस्त्यांतून पसरते, तेव्हा वस्त्या पाडा आणि त्यातून हवा खेळेल असे रुंद रस्ते काढा, असा तो विचार. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच झाले. रस्ते झाले, पण घरे पाडलेल्या माणसांना पुन्हा घर देण्याचे काम मागे राहिले. ती माणसे उरलेल्या खोल्यांत आणखी दाटीने राहू लागली. आज ज्या रस्त्यावर गाडी कुठे लावायची म्हणून आपण भांडतो, तसले कितीतरी रस्ते गरिबांच्या चुलींवरून गेलेले आहेत. हे रस्ते बनवायची किंमत कुणी मोजली ते लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. आणि याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला पांढरपेशांसाठी आखीव रस्त्यांच्या, झाडांच्या, घराभोवती मोकळी जागा सोडलेल्या वसाहती आखल्या. बाबासाहेब १९३४ च्या सुमारास परळहून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला गेले. परळ आणि दादर यांतले अंतर चालत जाण्याइतके आहे. पण एकाच संस्थेच्या नकाशात कामगाराला किती जागा आणि वकील-डॉक्टरला किती जागा, हे त्या दोन पत्त्यांवरून कळते.

मग १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात साधारण साडेसोळा हजार झाल्या. वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. काँक्रीटच्या त्या भिंती कामगारांना आवडल्या नाहीत आणि भाडेही परवडत नव्हते, म्हणून सुरुवातीला पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. तुरुंग म्हणून चालली, म्हणजे ती इमारत कशी असेल याचा अंदाज करा. पुढे त्याच खोल्या भरल्या, आणि त्यात आपला समाज फार मोठ्या संख्येने होता. गिरणीत ज्याला विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते, कारण तिथे तुटलेला धागा ओठांनी ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठाचा विटाळ होई, त्या कामगाराला जास्त पगाराचे काम बंद होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न लावून धरला होता. कमी पगार म्हणून लहान खोली, एवढे ते सरळ गणित होते.

आता दुसरा आकडा घ्या. १९९१ च्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत मोटारगाडी उभी करायच्या जागेचे माप दिले आहे. अडीच मीटर गुणिले साडेपाच मीटर. लहान गाडीसाठी याहून कमी मापही चालते, पण पूर्ण माप हे. गुणाकार करा, पावणेचौदा चौरस मीटर होतात. फुटांत सांगायचे तर १४८.

एका अख्ख्या कामगार कुटुंबाला, त्याच्या चुलीसकट, बाळंतपणासकट, पाहुण्यासकट १६० फूट. एका गाडीला १४८ फूट, तेही गाडी आत-बाहेर काढायला लागणारा रस्ता वेगळा. दोन मापांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे, एक इंग्रजांचे आणि एक आपल्या राज्याचे. तरी ती शेजारी शेजारी ठेवून बघायला हरकत नाही, कारण १९९१ मध्येही त्या १६० फुटांत माणसे राहतच होती.

याच नियमावलीत कुणाला किती पार्किंग द्यायचे तेही ठरले. ३५ चौरस मीटरपर्यंतची घरे असतील तर चार घरांत मिळून एक जागा. त्याहून थोडे मोठे घर असेल तर दोघांत एक. आणखी मोठे असेल तर एकाला एक. सगळ्यात मोठ्या घराला एकट्याला दोन. पायरीपायरीने चढत जाणारी ही रचना. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले ते आपण अभ्यासवर्गात शिकवतो, आणि महापालिकेच्या तक्त्यात ती दिसली की ओळखत नाही. नियमात जात लिहिलेली नाही, मान्य. पण मुंबईत लहान घर कुणाच्या वाट्याला आले आणि मोठे कुणाच्या, याचा इतिहास आत्ताच वाचलात. तक्ता करणाऱ्याने गृहीत धरले की लहान घरात राहणाऱ्याकडे गाडी असणार नाही. आणि १९२० च्या दशकातल्या चाळीला तर या पायऱ्यांवर जागाच नाही. तिच्या वाट्याला शून्य.

आता गाडी का आली ते पाहू. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली. बापाची गिरणी गेली तेव्हा पोराने टॅक्सी धरली, टेम्पो धरला. आजचा नातू डिलिव्हरीची बाईक चालवतो. ती बाईक म्हणजे त्याची गिरणी आहे. ती कुठे लावणार? गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक भाग घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम असा बदलला की फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचीच वाटणी करायची, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. शहराला मिळणारी जमीन आक्रसली. त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या खालचे मजलेच्या मजले गाड्यांसाठी आहेत. चाळीतून मान वर केली की ते दिसतात.

आणि जिची गाडी पोटासाठी नाही, हौसेची आहे, त्या कुटुंबालाही मी लगेच नावे ठेवणार नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा त्याचा आणि हाकणारा आपल्यातला, ज्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या समाजाच्या नेत्याला पैसे देऊनही वाहन मिळत नव्हते, त्या समाजाच्या माणसाने स्वतःची गाडी दारात लावली तर त्याला डोळे भरून बघावेसे वाटणारच.

पण इथे मला आपल्याच काही कार्यकर्त्यांशी भांडायचे आहे. पार्किंग मिळत नाही म्हणून मैदानाचा कोपरा आखून द्या, विहारासमोरची मोकळी जागा गाड्यांना द्या, अशी मागणी वस्त्यावस्त्यांत होते आहे. बिनविरोध मंजूरही होते. ही मागणी आत्मघातकी आहे. १६० फुटांच्या घरात आपली चळवळ कधीच मावली नव्हती, ती बाहेरच्या जागेत वाढली. ५ जानेवारी १९७४ ची पँथरची वरळीची सभा याच चाळींमध्ये झाली, तिच्यावर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव गेले. ते रस्त्यावर गेले. जयंतीचा मंडप, लग्नाचे जेवण, मयताला जमलेली माणसे, अभ्यासाला जागा नाही म्हणून दिव्याखाली बसलेली पोरे, हे सगळे ज्या जागेवर होते ती जागा पंचवीस-तीस गाड्यांना दिली की उरलेल्या शेकडो घरांची ती गेली. त्यात गाडी नसलेले घर सगळ्यात गरीब, आणि बाया-म्हाताऱ्यांच्या नावावर तर गाडी क्वचितच. अॅम्ब्युलन्स आत येत नाही, अग्निशमनचा बंब वळत नाही, ही गोष्ट तर वेगळीच.

सार्वजनिक पैशाने राखलेली जागा सगळ्यांची, एवढ्या साध्या तत्त्वावर महाड उभे राहिले. रस्ता सगळ्यांच्या पैशाने होतो. त्यावर टोपली घेऊन भाजी विकणाऱ्या बाईला २०१४ च्या कायद्याने प्रमाणपत्र लागते. त्याच जागेवर रात्रंदिवस कार उभी करणाऱ्याला बहुतेक गल्ल्यांत काहीच लागत नाही. केंद्राच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातच लिहिले आहे की पार्किंगचे शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला धरून असावे. ते धोरण मोठ्या कारला कधी लागले नाही. लागला तो दंड. ७ जुलै २०१९ पासून मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर ५,००० पासून २३,००० रुपयांपर्यंत दंड लावला. बाईकवाल्यालाही ५,००० च्या खाली सूट नव्हती. त्या वाहनतळांपैकी कितीतरी बिल्डरांनी जादा चटईक्षेत्र घेऊन बांधलेले. बिल्डरला वरचे मजले मिळाले, डिलिव्हरीच्या पोराला पावती.

म्हणून मागणी नीट केली पाहिजे. पार्किंग घराच्या मापावर नको, कुटुंबावर द्या. पोटाच्या गाडीला, म्हणजे बाईक, रिक्षा, टॅक्सी, टेम्पोला आधी जागा. दुसरी कार ठेवायची त्याने बाजारभावाने पैसे मोजावेत, मग तो चाळीतला असो की शिवाजी पार्कचा. आणि मैदानाला हात लावायचा नाही.

हे आत्ताच बोलायला हवे, कारण बीडीडीचा पुनर्विकास कागदावर राहिलेला नाही. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे घर मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हा लढ्याचा विजय आहे, त्याला कमी लेखायचे नाही. पण जिथे जिथे चाळ पाडायचा करार समोर येतो, तिथे आपण घराचे क्षेत्रफळ वाचतो, भाड्याची रक्कम वाचतो आणि सही करतो. पार्किंगचे पान शेवटी असते. जागा कुटुंबाच्या नावाने आहे की सोसायटीच्या मर्जीवर, बाईकला आखलेली जागा आहे का, विक्रीच्या इमारतीतल्या घराला किती आणि आपल्या घराला किती, मैदान नकाशात त्याच मापाचे राहिले आहे का की त्याखाली-त्यावर पोडियम आला आहे, हे त्या पानावर कळते. समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना टेप घेऊन जा. आजच्या मैदानाची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा आणि तो आकडा इतिवृत्तात नोंदवून घ्या.