पालथी बाजू

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या संसारोपयोगी वस्तूंच्या संगतीने पितळी वज्र्यांचा जो संग्रह आहे, तो पाहून बाहेर पडणाऱ्या गृहस्थास आत काय पाहिले असे विचारले, तर हत्ती पाहिले, मोर पाहिले, असेच तो बहुधा सांगेल; आणि त्यात त्याचा काही दोष नाही. कपाटात वज्री ठेवायची ती तिच्या बुडावर, आणि वज्रीचे सारे प्रयोजन तर त्या बुडाशीच निगडित असते. टाचा घासण्याचे हे उपकरण (बोलीत त्याला वजरी म्हणतात) ही अनवाणी चालणाऱ्या देशाची गरज होती. उन्हाळ्यात तापलेल्या मातीने टाचांना भेगा पडाव्या, पावसाळ्यात चिखल त्या भेगांत जाऊन बसावा, आणि न्हाणीच्या दगडावर बसून, ऊन पाण्याने भिजवलेला पाय काहीतरी खरबरीत घेऊन घासल्याखेरीज स्नान पुरे झाले असे कोणी मानू नये, अशी ती रीत होती. गरिबाला त्यासाठी खापराचा तुकडा पुरत असे. सधनाच्या वाड्यात त्या खापराचा हत्ती झाला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे काव्यप्रांतात ‘अज्ञातवासी’ या नावाने वावरत असतानाच १९२० च्या सुमारास असल्या वस्तूंच्या मागे लागले, आणि अकाली निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या नावाने उभा केलेला संग्रह त्यांनी १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमविणारे पुष्कळ असतात. अडकित्ते, दौती, फण्या आणि वज्र्या यांचा पाठपुरावा करण्यास निराळी दृष्टी लागते.

वज्री हातात घेऊन उलटी करावी. तिच्या तळावर तिरप्या रेघा एकमेकींना छेदीत गेलेल्या असतात आणि त्यांतून शंकरपाळ्यांच्या आकाराचे उंचवट्यांचे जाळे तयार झालेले असते. उंचवटे कातडी खरवडतात हे उघड आहे. परंतु खरी युक्ती आहे ती मधल्या खाचांत. निघालेला मळ आणि पाणी वाहून जाण्यास त्या खाचांची वाट नसती, तर दोनचार हात फिरताच मळाचा लेप बसून तळ गुळगुळीत झाला असता. कानस वापरणाऱ्या कोणत्याही लोहाराला हे सांगावे लागत नाही. वरचा हत्तीही निव्वळ शोभेसाठी आला आहे असे नव्हे. तेल लावलेल्या ओल्या हातातून सपाट पितळ निसटते; प्राण्याची पाठ तळहातात बसली आणि त्याचे डोके व शेपूट यांचा बोटांना अटकाव झाला, म्हणजे तीच आकृती उत्तम मूठ होते.

काही वज्र्यांच्या पोटात खडे वा गोळ्या असून पाय घासताना त्या खुळखुळतात. न्हाणीत कोणी आहे याची वर्दी बाहेरच्या माणसास मिळावी म्हणून ही योजना, असे स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते. मला ते मागाहून जोडलेले वाटते, कारण ओतारी आपले काम कसे करतो हे पाहिले, की इतक्या दूरच्या कारणाची गरजच उरत नाही. मेणाच्या आकृतीवर मातीचे लेप द्यायचे, ते तापवून मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत धातूचा रस ओतायचा, ही ती पुरातन कृती. वस्तू पोकळ हवी असेल तर मेणाच्या आत मातीचा गाभा ठेवावा लागतो, आणि ओतून झाल्यावर तो कोरून काढता यावा म्हणून कोठेतरी फट राखावी लागते. गाभ्याची माती मळतानाच तीत एखादा खडा दडपून ठेवला, म्हणजे माती फटीतून निघून जाते आणि फटीहून मोठा असलेला खडा कायमचा आत अडकतो. ओतीव घुंगरू असेच तयार होते. पोकळीने पितळ वाचते, वज्री हाताला हलकी लागते, आणि नाद गिऱ्हाइकाला जवळजवळ विनामोबदला मिळतो. ज्या कारागिराला हे साधते, तो ते केल्याशिवाय कसा राहील?

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी वाचकास त्यातील जुन्या मराठी पदांच्या नमुन्यांमुळे ऐकून माहीत असतो. त्यात राजाच्या उपभोगांची जी मालिका आहे, तीत स्नान आणि पादाभ्यंग यांना स्वतंत्र स्थान आहे. आणि त्याच ग्रंथात मेणाच्या आकृतीवरून मूर्ती ओतण्याची रीत, म्हणजे मधूच्छिष्टविधान, मेणाच्या तुलनेत धातू किती घ्यावा याच्या प्रमाणासह वर्णिलेली आहे. मूर्तीसाठी शास्त्र लिहिले गेले. तीच विद्या वापरून पाय घासण्याचा हत्ती ओतणाऱ्याला मात्र ते हातोहातच मिळाले, आणि हातोहातच त्याने ते पुढे दिले. खडा कोणी प्रथम ठेवला, खाचा कोणी प्रथम पाडल्या, याविषयी हक्क सांगणारा कोणी पुढे आला नाही. ती युक्ती साऱ्या धंद्याची मिरास होती.

कुंभाराची मातीची वज्री दिसायला दरिद्री, पण एका बाबतीत ती पितळी वज्रीहून सरस आहे. पितळेचे उंचवटे झिजले की संपले. भाजलेली माती मात्र अंतर्बाह्य सच्छिद्र असते, त्यामुळे वरचा थर झिजताच खालचा नवा खरबरीत थर उघडा पडतो आणि शेवटचा तुकडा उरेपर्यंत वज्री आपले काम सोडीत नाही. मोहेंजोदडो येथे अंग घासण्याचे भाजक्या मातीचे गोळे मिळाले आहेत, आणि हडप्पा येथे कानकोरणे, चिमटा व टोचणी ही तीन साधने टोकाशी एकत्र अडकवलेला एक जुडगाच मिळाला आहे. तसला जुडगा मेसोपोटेमियातील उर येथील उत्खननातही सापडला, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रसाधनाच्या युक्त्या व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून किती सहजपणे प्रवास करीत असत याची कल्पना येते.

फणीविषयी थोडक्यात सांगतो. लाकडी फणीचे दात नेहमी लाकडाच्या शिरांच्या दिशेनेच कापलेले असतात, कारण शिरांना आडवा कापलेला दात पहिल्याच गुंत्यात मोडतो. आणि दोन्ही बाजूंस दात, एकीकडे विरळ व एकीकडे दाट, ही रचना गुंता आणि उवालिखा अशा दोन निरनिराळ्या शत्रूंसाठी आहे. ही विभागणी फार प्राचीन आहे. इस्रायलमधील लाखीश येथे हस्तिदंताची, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक फणी मिळाली. तिच्या एका बाजूस सहा जाड दातांच्या आणि दुसऱ्या बाजूस चौदा बारीक दातांच्या खुणा आहेत, आणि केस व दाढी यांतील उवांचा या दाताने नायनाट होवो, अशा आशयाचे कनानी लिपीतील सतरा अक्षरांचे वाक्य तिच्यावर कोरलेले आहे. काळ इ. स. पूर्व १७०० च्या सुमाराचा. अक्षरे इतकी पुसट, की फणी २०१६ साली सापडूनही ती ओळखू आली नाहीत. २०२२ साली तो लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या लिपीतले आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने संपूर्ण वाक्य उवांविषयीचे आहे, हे विद्वानांना मुकाट्याने मान्य करावे लागले.

आता न्हाव्याच्या धोकटीकडे वळू. बलुतेदारांच्या एका प्रचलित यादीत दुसऱ्या कासेला, म्हणजे दुसऱ्या वर्गात, कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी असे चौघे येतात. पैकी कुंभाराची वज्री आपण पाहिली, आणि चांभाराने कमावलेल्या कातड्याच्या पट्ट्यावाचून न्हाव्याचा वस्तरा चालत नाही. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, कानकोरणे, वाटी, आरसा आणि धार लावण्याचा दगड असा सरंजाम असे, आणि खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याच्या धान्यात या साऱ्याच्या वापराचा मोबदला मोजलेला असे. या सर्वांत वस्तऱ्याइतके विचारपूर्वक घडलेले हत्यार दुसरे नाही.

वस्तऱ्याची पाठ जाड असते, ती पाते बळकट व्हावे म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. दगडावर धार लावताना न्हावी वस्तरा तिरका धरीत नाही. तो पाते सपाट निजवतो, त्यामुळे दगडाला एकाच वेळी दोन ठिकाणी स्पर्श होतो, पाठीचा आणि धारेचा. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून धारेचा कोन आपोआप ठरतो, आणि तो साधारण पंधरा ते वीस अंशांच्या आत पडतो. सुऱ्या-विळ्यांना धार लावणाऱ्यास जो कोन हाताच्या सवयीने सांभाळावा लागतो, तो येथे हत्यारातच बांधून ठेवलेला आहे. याहून नवल असे, की घासून घासून धार जशी झिजते तशी पाठही झिजते, आणि त्यामुळे पाते अरुंद झाले तरी कोन फारसा ढळत नाही. कातडी पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे, असाच वस्तरा ओढायचा, आणि टोकाशी पोचल्यावर तो पाठीवर कलवून उलटवायचा. धारेवर उलटवला तर पट्टाही कापला जातो आणि धारही मरते. इंग्लंडातील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन येथील कारखान्यांनी पुढे पात्याचे दोन्ही गाल कोरून खोलगट केले, त्यामुळे धारेजवळ लोखंड थोडे राहून ती लवकर लागू लागली. मूळ योजना मात्र पाठीचीच राहिली. याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपन होत असे, आणि १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने त्या कामास नकार दिला, याचीही नोंद वस्तऱ्याच्या इतिहासात हवी.

पाठीचा हा हिशेब कोणाचा, हे विचारणे व्यर्थ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र अशा एका दडलेल्या युक्तीला मालक मिळाला. बोस्टनच्या किंग कँप जिलेट याला अशी कल्पना सुचली, की धार लावावीच लागू नये इतके पाते स्वस्त करावे. पोलादाचा कागदासारखा पातळ तुकडा दाढीच्या केसापुढे लवतो, ही त्यातली अडचण. विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने असे पाते कारखान्यात करण्याची यंत्रे उभी केली. आणि लवण्याची अडचण ज्या युक्तीने सुटली, ती रेझर घट्ट पिळल्यावर दिसेनाशी होते. वरची टोपी किंचित बाकदार असते, आणि दांडा पिळताच सपाट पाते तिच्याबरोबर वाकते. वाकलेला पत्रा सपाट पत्र्याहून ताठ असतो. १९०३ साली कंपनीने ५१ रेझर विकले. पेटंट १९०४ च्या नोव्हेंबरात मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. वापरलेली पाती टाकावी कोठे, हा नवा प्रश्न अमेरिकनांनी न्हाणीघरातल्या कपाटाच्या मागे एक फट ठेवून सोडविला, आणि पाती भिंतीच्या पोकळीत पडू दिली. भिंत भरल्यावर काय करायचे, याचा विचार पुढच्या पिढीवर सोपविला.

जिलेटच्या पहिल्या पात्याला मधोमध तीन गोल भोके होती. आजच्या पात्यात जी लांब, नक्षीदार फट असते, तिच्यामागे सौंदर्यदृष्टी नाही, कज्जेदलाली आहे. पेटंटाची मुदत संपल्यावर हेन्री गेसमन याने असे पाते काढले, की ते जिलेटच्या रेझरात बसे, पण जिलेटचे पाते त्याच्या रेझरात बसत नसे. जिलेट कंपनीनेही नवे पाते काढले, गेसमनने दावा गुदरला, आणि १९३० साली दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा कारभाराची सूत्रे गेसमनच्या हाती गेली. त्या तंट्यातून निघालेली फट जगातले बहुतेक सारे कारखाने आजही निमूटपणे कापतात.

महाराष्ट्रातल्या सलूनांत हे पाते एका निराळ्याच वाटेने पोचले. एड्सच्या भीतीने एका गिऱ्हाइकाचा वस्तरा दुसऱ्यास लावणे गिऱ्हाइकांनाच नकोसे झाले, तेव्हा कारागिरांनी पाते बदलता येणारा वस्तरा घेतला. पाते कागदी वेष्टनातच दुमडून मधोमध मोडायचे, अर्धे त्या वस्तऱ्यात सरकवायचे आणि दाढी झाली की टाकून द्यायचे. मोडताना त्या प्रसिद्ध फटीचीही दोन शकले होतात, आणि तिच्या खाचांचा येथे उपयोग असलाच तर पाते खुंट्यांवर अडकवून ठेवण्यापुरता. या नव्या वस्तऱ्यालाही जुन्यासारखीच मिटणारी मूठ आणि जाड पाठ असते. परंतु ती पाठ आता दगडाला कधीच लागत नाही, कारण धारेचा कोन कारखान्यातच ठरून आलेला असतो.