पथ्रोटला थांबणारी शकुंतला

पथ्रोट हे अचलपूर तालुक्यातलं गाव. इथून अंजनगावपर्यंतचा पट्टा पानमळ्यांचा, केळी-संत्र्यांचा. पानमळ्याच्या सावलीत वाढणारी पानपिंपरी हीसुद्धा याच भागाची. अशा गावाला रेल्वे स्टेशन मिळालं ते मात्र पानासाठी नव्हे, कापसासाठी.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. पण काळ्या मातीतला कापूस रुळांपर्यंत आणायचा कसा? पावसाळ्यात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून दोन फाटे फुटले. एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113 किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, 76 किलोमीटर. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. लोकांनी या गाडीला नाव दिलं शकुंतला. कोणा कवीला सुचलं असतं तर मी हेवा केला असता!

ही लाइन अजून इंग्रजांच्या मालकीची, असं आपल्याकडे मोठ्या चवीनं सांगतात. ते अर्धंच खरं. किलिक निक्सन ही 1857 साली मुंबईत निघालेली पेढी. तिनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ही लाइन उभारली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं आणि कंपनीला तिचा वाटा द्यायचा, असा करार होता. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन त्यातून सुटली. पुढे किलिक निक्सन भारतीयांच्याच हाती आली. तेव्हा प्रश्न साहेबाच्या मालकीचा उरला नव्हता. रूळ कंपनीचे, गाडी सरकारची, मग दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न होता. त्या ओढाताणीत रूळ झिजत गेले.

मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून या मार्गावर धावलं. कापूस गेला मँचेस्टरला आणि इंजिन आलं मँचेस्टरहून, असा हा व्यवहार. 15 एप्रिल 1994 रोजी त्याला निवृत्ती मिळाली आणि डिझेल इंजिन आलं.

छोट्या स्टेशनांवरची सेवा कशी होती म्हणाल, तर घरगुती. पुढच्या काळात तिथे तिकीटबाबू उरलाच नाही. गार्डच खाली उतरायचा, तिकिटं फाडायचा, हिशेब लिहायचा आणि झेंडी दाखवायचा. रस्त्याचं फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा. गाडी पलीकडे गेली की पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून यायचा आणि चढायचा. 76 किलोमीटरला चार-चार तास लागत, ते काही उगाच नाही. शहरातल्या माणसाला याचं हसू येतं. पण एसटीच्या मानानं भाडं फारच थोडं होतं. मजुरीला निघालेली बाई, भाजीची पाटी घेतलेला म्हातारा यांच्याकडे वेळ होता, पैसे नव्हते. त्यांच्या दृष्टीनं ही गाडी मुळीच हळू नव्हती.

2016 च्या सुमारास ब्रॉडगेजची घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडा छापून आला. त्यानंतरच्या वर्षांत धावती गाडी मात्र थांबली. एरवी नवी वाट झाल्यावर जुनी मोडतात. इथे उलटं झालं. गाडी सुरू करा म्हणून अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरच्या लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. संत्री, केळी आता ट्रकनं जातात. ज्याला ट्रक परवडतो त्याचं भागतं. पाटीवाल्या म्हाताऱ्याचं काय, हे मी त्या निवेदनांत शोधतो. ते एखाद्या ओळीत असतं, बहुतेक शेवटच्या.