मासे पाहुणे, रोपं यजमान

घरातल्या पाणबागेचा मूळपुरुष शोधत मागे गेलं, की आपण लंडनमधल्या औषध बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, सोसायटी ऑफ अपोथेकरीजच्या इमारतीत येऊन थांबतो. रॉबर्ट वॉरिंग्टन तिथला रसायनतज्ज्ञ. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ साली उभी राहिली, त्यात याची खटपट मोठी. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५४ लिटरच्या काचपात्रात वाळू आणि खडे पसरले, व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. दिवाणखान्याची शोभा त्याच्या मनात नव्हती. त्याला वायूंचा जमाखर्च मांडायचा होता. मासा कार्बन डायऑक्साइड सोडणार, रोप तो घेऊन प्राणवायू देणार. दोन्ही बाजू जुळल्या, तर पाणी न बदलताही मासे जगायला हवेत.

पहिल्या फटक्यात त्या जुळल्या नाहीत. रोप तरारलं, पण त्याची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळलं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला. वॉरिंग्टनने मग तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, शिवाय त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. पाणी निवळलं आणि निवळच राहिलं. १८५० साली हा प्रयोग केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आज आपण ज्याला प्लांटेड टँक म्हणतो त्यातली तिन्ही मुख्य पात्रं, म्हणजे रोप, मासा आणि सफाई कामगार, त्या निबंधात हजर आहेत.

काचेत पाणी भरून जीव पाळणारा वॉरिंग्टन पहिला नव्हे. चीनमध्ये गोल्डफिश कैक शतकं पाळले जात होते. सिसिलीतल्या मेसिना शहरात झान विलप्र-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ मध्येच काचेच्या टाक्या करून घेतल्या होत्या, आर्गोनॉट नावाचा सागरी जीव आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं ढापतो हे पाहायला. (स्वतःच बनवतो, हे त्यांनी सिद्ध केलं. आधी त्या पॅरिसमध्ये उंची कपड्यांवर भरतकाम करत; हात आणि नजर दोन्ही तयार होती.) पण आपल्याला ज्या घराण्याची वंशावळ काढायची आहे त्यात रोप हवं, आणि ते पोटापाण्याचं काम करणारं हवं. ते वॉरिंग्टनकडे आहे.

त्याच्या डोक्यातला हिशेब मात्र आधीच्या शतकातून आलेला. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने पाहिलं होतं, की मेणबत्तीने निकामी झालेली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा चांगली करते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझने पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा त्यांच्यावर बुडबुडे धरले. अंधारात ते थांबले. मराठी शाळांमधल्या हजारो मुलांनी हाच प्रयोग केला आहे: चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. प्रयोगवहीत आकृती काढून आपण तो विसरलो, ही गोष्ट वेगळी.

उरली काच. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला. तोवर डॉ. नॅथॅनियल वॉर्डची बंद काचपेटी गाजू लागली होती. १८२९ मध्ये पतंगाचा कोष सांभाळायला त्याने एक बाटली बंद करून ठेवली आणि तिच्यात आपसूक नेचा उगवला, तिथून तिची सुरुवात. याच वॉर्डच्या पेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली. काच स्वस्त, नेच्यांचं वेड घरोघर. काचेआडच्या बागेत पाणी भरणं एवढंच बाकी होतं.

इथे मला वॉरिंग्टनच्या नशिबाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण आजच्या टँकवाल्यांची निम्मी दुखणी त्यात आहेत. पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार सावकाश पसरतो, हवेच्या तुलनेत जवळजवळ दहा हजार पटींनी सावकाश. पाण्याखालचं रोप बहुधा उजेडाअभावी मरत नाही, कार्बनच्या उपासमारीने मरतं. काही वनस्पतींनी यावर तोड काढली आहे: पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून त्या कार्बन ओढून घेतात. व्हॅलिस्नेरिया त्यांतली पक्की खेळाडू. लंडन भागातलं पाणी खडूच्या थरांतून आलेलं, जड, बायकार्बोनेटने भरलेलं. वॉरिंग्टनने दुसरं एखादं नाजूक रोप निवडलं असतं, तर बहुधा त्याचा निबंध छापायच्या लायकीचा झाला नसता. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यावर व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला माजतात आणि महागाचं लाल रोप महिनाभरात विरघळतं, त्यामागे हेच कारण असू शकतं. दुकानदाराला शिव्या देण्याआधी पाणी तपासावं.

शिवाय त्याच्या जमाखर्चात एक मोठा भागीदार नोंदलेलाच नव्हता. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूत, खड्यांत, काचेवर वस्ती करून असतात. हे काम जिवाणूंचं आहे असं १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी दाखवलं, आणि विनोग्राडस्कीने १८९०च्या सुमाराला ते जिवाणू वेगळे करून दाखवले. वॉरिंग्टनच्या पात्रात ते निमूट राबत होते. नवा टँक भरल्या दिवशीच त्यात डझनभर मासे सोडणारा माणूस अजूनही १८४९ मध्येच राहतो.

पुढची काही वर्षं धामधुमीची होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं आणि समुद्राची टाकी घरी ठेवायची साथच पसरली. समुद्र घरात टिकवणं फार अवघड; दहाएक वर्षांत हौस ओसरली. गोड्या पाण्याचा धागा तोवर जर्मनीत एमिल रॉसमेस्लरने उचलला होता. १८४८च्या राजकीय उठावानंतर फ्रँकफर्टच्या संसदेत बसलेला आणि त्यापायी प्राध्यापकी गमावलेला हा निसर्गलेखक. १८५६ मध्ये त्याने एका लोकप्रिय साप्ताहिकात ‘काचेतलं तळं’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक. गावातलं डबकं घरात आणता येतं, त्याला समुद्रकिनारा लागत नाही, हे त्याने सामान्य माणसाला सांगितलं.

विसाव्या शतकात या डबक्याची बाग केली ती डच लोकांनी. फुलं आणि भाज्या पिकवण्यात त्यांचा हात कोण धरणार! शिवाय इंडोनेशिया त्यांच्या ताब्यात होता आणि तिथल्या ओढ्यांतल्या क्रिप्टोकोरिन जातीच्या वनस्पतींवर त्यांचे वनस्पतिशास्त्रज्ञ काम करत होते. वागेनिंगनच्या हेन्ड्रिक द वित यांनी नाव दिलेली क्रिप्टोकोरिन वेन्टी आज आपल्याकडे कुठल्याही टँकमध्ये दिसते. डच पद्धतीत दगड-लाकडाला फारसं स्थान नाही. रोपांचे गट, रंगाला रंग उठाव देणारे, पानाला पान भिडणारे, आणि समोरून मागे चढत जाणारी एकाच रोपाची पायऱ्यापायऱ्यांची ओळ. या ओळीला ते लायडन शहरावरून ‘लायडनची गल्ली’ म्हणतात. मासे असतात, पण नजर आधी रोपांवर जाते. यजमान बदलला तो इथे.

उरलेल्या जगात मात्र रोपाची नोकरी गेली होती. विजेचा एअर पंप आला, खड्यांखाली बसवायचा फिल्टर आला. प्राणवायू आणि सफाई ही दोन्ही कामं यंत्राने घेतली. आपल्याकडे ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना तो टँक आठवत असेल: निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकची झाडं, झाकण उघड-मीट करणारा खजिन्याचा पेटारा, एक एंजल आणि उरलेले गोल्डफिश. झाड प्लास्टिकचं असलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं, यातच सगळं आलं.

रोपाला गादीवर परत बसवणारा माणूस जपानच्या निइगाता भागातला. ताकाशी अमानो, जन्म १९५४, पेशाने ट्रॅकवरचा व्यावसायिक सायकलपटू. सायकलवर मिळवलेला पैसा त्याने कॅमेऱ्यात आणि पाण्यात घातला. १९८२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९९२ मध्ये छायाचित्रांचं पहिलं पुस्तक. सोडावॉटरच्या बाटलीकडे बघून त्याला पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायची कल्पना सुचली, असा किस्सा सांगितला जातो. जर्मन मंडळीही त्याच काळात सिलिंडर लावू लागली होती, त्यामुळे शोधाचं श्रेय एकट्याला देऊ नये. पण त्या वायूच्या जोरावर काय उभं करता येतं ते अमानोने दाखवलं. विषम संख्येने मांडलेले दगड, त्यांत एक मुख्य, बाकीचे त्याच्याकडे झुकलेले, आणि सभोवती गवताची हिरवळ. पाण्यावर तरंगणारं रिक्शिया त्याने जाळीने दगडाला बांधून तळाशी नेलं. दुपारनंतर त्याच्या टोकाटोकावर प्राणवायूचे मणी चमकत. इंगेनहाउझचेच बुडबुडे ते, फक्त आता त्यांचे फोटो निघू लागले.

वॉरिंग्टनच्या गोगलगायींची जागाही त्याने भरली. शेवाळ खाणारी एक लहानशी कोळंबी त्याने टँकमध्ये रुजवली. तिला आज जगभर अमानोचंच नाव आहे. २००१ पासून त्याच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेत देशोदेशींचे लोक आपल्या टँकचे फोटो पाठवतात. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची पाणबाग उभारली आणि त्याच ऑगस्टमध्ये तो गेला.

त्याच्या वाटेने जाणं खिशाला परवडत नाही, ही तक्रार रास्त आहे. भाजलेल्या मातीच्या गोळ्या, सिलिंडर, खास दिवे. हिशेब पाहता पाहता मोठा होतो. त्यावरचा उतारा अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात दिला: तळाला साधी बागेची माती, वर खडीचा पातळ थर, भरपूर रोपं, मोजके मासे, आणि सिलिंडरला रजा. मातीतली सडणारी द्रव्यंच कार्बन पुरवतात. म्हणजे दीडशे वर्षांनी गाडी पुन्हा वॉरिंग्टनच्या अंगणात आली, या वेळी जिवाणूंची नावं माहीत असताना. आपल्याकडची मंडळी तर त्याहून जुगाडू. चाळलेलं गांडूळ खत वाळूखाली घालतात, साखर आणि यीस्टच्या बाटलीतून वायू काढतात, महागड्या दिव्याऐवजी एलईडीचा फ्लडलाइट टांगतात, आणि ओळखीच्या काचवाल्याकडून तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक सिलिकॉनने जोडून घेतात. एवढ्या टँकमध्ये १९० लिटर पाणी मावतं. दगड-वाळू-काच धरून वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं. स्टँड करणाऱ्या सुताराला हा आकडा आधी सांगावा.

या कुळाचा एक धागा आपल्या दारातून जातो. लालभडक रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातली. पोगोस्टेमॉन वंशातली रोपं जगभरच्या टँकमध्ये मिरवतात, आणि त्यांची सख्खी बहीण जांभळी मंजिरी पावसाळ्यात कासचं पठार रंगवते. कासच्याच पाणथळीत फुलणारा वायतुरा हा अपोनोजेटॉन घराण्यातला. त्याचे श्रीलंकेतले भाऊबंद दुकानात कंद म्हणून मिळतात. क्रिप्टोकोरिनच्याही जाती सह्याद्रीच्या ओढ्यांत आहेत. म्हणून कुणी कासला पिशवी घेऊन जाऊ नये. वायतुऱ्याचं सगळं जग मूठभर पठारांपुरतं आहे, आणि टँकसाठी लागणारं रोप रोपवाटिकेत वाढवलेलं मिळतं.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच वाईट. शाळेच्या चंचुपात्रातली ती हायड्रिला १९५०च्या दशकात टँकच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे, तळी तिने बुजवून टाकली. ती काढायला अमेरिका आजही पैसे ओततेय. तेव्हा टँक मोडायची वेळ आली, किंवा छाटणीचा ढीग झाला, तर रोपं दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तेही जमलं नाही तर उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाका. गणपतीच्या तळ्यात, नाल्यात किंवा नदीत सोडू नका, आणि मासे तर मुळीच नको.