सर्बियाचे हायदुक : दरोडेखोर की वीर?

मागच्या पिढीला युगोस्लाव्हिया हे नाव चांगले परिचयाचे होते. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद बेलग्रेडला भरली, तेव्हा मार्शल टिटो आणि पंडित नेहरू यांची नावे वर्तमानपत्रांत शेजारी शेजारी छापून येत. तो देश १९९१ नंतर फुटला आणि बेलग्रेड आज सर्बिया या लहानशा देशाची राजधानी आहे. या सर्बियातल्या हायदुकांची हकिकत आज सांगायची आहे.

हायदुक म्हणजे कोण? सर्बिया सुमारे चार शतके तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात होता. त्या काळात रानात राहून वाटा अडवणारे, लूटमार करणारे, सरकारी अंमलदारांशी झुंजणारे जे सशस्त्र लोक, ते हायदुक. त्यांच्या टोळीला ‘चेता’ म्हणत आणि नायकाला ‘हरामबाशा’. या शब्दातला ‘हराम’ आपल्या ओळखीचाच आहे, नाही का? तुर्कांबरोबर अरबी-फारसी शब्द तिकडे गेले, तसेच ते इकडे आपल्याकडेही आले. आपला जुलूम तो त्यांचा ‘झुलूम’, आपले मैदान ते त्यांचे ‘मेगदान’. तेव्हा हरामबाशा म्हणजे दरोडेखोरांचा म्होरक्या. मूळची ही शिवी. पुढे तोच मानाचा किताब झाला. तो कसा झाला, हाच आपला विषय.

हायदुकाचे वर्ष ऋतूंवर चाले. संत जॉर्जच्या सणाला, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला, रानाला पालवी फुटली की टोळी जमायची. नोव्हेंबरात संत दिमित्रीच्या सणाला पाने गळाली, लपायला जागा उरली नाही, की ती पांगायची. मग हिवाळाभर हा माणूस कुठे राही? गावातल्या एखाद्या विश्वासू घरी, गडी किंवा गुराखी म्हणून. अशा आसरा देणाऱ्याला ‘यताक’ म्हणत. हायदुक सापडला तर त्याला सुळावर चढवीत, आणि यताकाचेही घरदार जाई. गाण्यात मात्र नाव राहिले ते हायदुकाचे. यताकाच्या बायकोने किती रात्री जागून काढल्या, ते कोण गाणार?

आणि ही गाणी होती भरपूर. आपला शाहीर तुणतुण्यावर पोवाडा म्हणतो, तसा तिकडचा गायक ‘गुस्ले’ नावाचे, बहुधा एकाच तारेचे वाद्य गजाने वाजवीत वीरगीते म्हणतो. ही गीते लिहून काढण्याचे मोठे काम वुक काराजिच या विद्वानाने केले. त्याचा पहिला संग्रह १८१४ साली व्हिएन्नात छापला गेला. त्याच्या उत्तम गायकांपैकी एक, तेशान पोद्रुगोविच, हा स्वतःच हायदुक होता. पण वुक काराजिच भाबडा नव्हता. १८१८ साली त्याने सर्बियन भाषेचा कोश काढला. हायदुक जुलमापायीच रानात जातात असे लोक मानतात आणि गातात, हे त्याने नोंदवले. पण काही जण कोणी भाग पाडले नसतानाही जातात, हेही नोंदवले. व्यापाऱ्याची थैली लुटताना हायदुक दर वेळी त्याचा धर्म विचारीत नसे. गाणी ज्याने जपली, त्याच्याजवळ दुसरी बाजूही होती, एवढे लक्षात असू द्या.

आता १८०४ सालाकडे वळू. बेलग्रेडच्या प्रांतात ‘दाही’ म्हणवणाऱ्या चार बंडखोर लष्करी सरदारांनी सत्ता बळकावली होती. त्यांनी गावोगावचे प्रमुख सर्ब पुढारी मारले आणि लोक उठले. ओराशात्स गावी सभा भरली. असे सांगतात, की नेतेपद प्रथम स्तानोये ग्लावाश या नामांकित हायदुकाला देऊ केले गेले. तो म्हणाला, मी हायदुक, मला ना घर ना शेत. लोक माझ्यामागे कसे येतील? मग निवड झाली ती काराजोर्जेची. तोही पूर्वी हायदुक राहिलेला. पण आता घरदार असलेला, डुकरांचा व्यापार करणारा गृहस्थ. म्हणजे त्या काळच्या शेतकऱ्याला हायदुक लढायला हवा होता, पण कारभार त्याच्या हाती द्यायचा की नाही, याचा तो दहादा विचार करी. पुढे सर्बियाला स्वायत्तता मिळाली, तेव्हा सर्बियाच्याच राज्यकर्त्यांनी रानातल्या हायदुकांना गुन्हेगार म्हणून धरून शिक्षा केल्या!

अजून एक गोष्ट. हे दाही सुलतानाचेही ऐकत नव्हते. म्हणून त्यांचा निकाल लावण्यासाठी सुलतानानेच बोस्नियाचा वजीर बेकिर पाशा याला बेलग्रेडकडे पाठवले. म्हणजे सुरुवातीला हा लढा सर्ब विरुद्ध मुसलमान असा सरळसोट नव्हता.

‘चेता’ या शब्दावरून पुढे ‘चेतनिक’ हा शब्द चालू झाला. १९४१ साली जर्मनीने देश घेतला, तेव्हा कर्नल द्राझा मिहाइलोविच रावना गोरा या डोंगरावर गेला आणि त्याच्या लोकांनी हेच नाव मिरवले. त्यांनी १९४४ साली शेकडो अमेरिकन वैमानिकांना वाचवले, हे खरे. पण त्यांच्या अनेक तुकड्यांनी इटालियनांशी आणि जर्मनांशी संगनमत केले, पूर्व बोस्नियात आणि सांजाकमध्ये हजारो मुसलमान गावकरी मारले, हेही तितकेच खरे. टिटोच्या सरकारने १९४६ साली मिहाइलोविचला मृत्युदंड दिला. २०१५ साली बेलग्रेडच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, असे त्याचे कारण. ज्यांना एवढेच ऐकायचे होते, त्यांनी त्यातून चेतनिक निष्कलंक असल्याचा अर्थ काढला.

१९९० नंतरच्या युद्धांत जुन्या गाण्यांचा बाजार तेजीत आला. लांब दाढ्या, केसाळ टोप्या, टोपीवर जुन्या राजाचे चिन्ह असे तरुण बंदुका घेऊन फिरू लागले. वोयिस्लाव शेशेल हा राजकारणी ‘वोयवोदा’, म्हणजे सेनानायक, हा जुना किताब लावू लागला. रादोवान काराजिच या पुढाऱ्याने वुक काराजिचशी नाते सांगितले आणि चित्रपटवाल्यांसमोर गुस्ले वाजवली. ११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिच स्रेब्रेनित्सा गावात शिरला आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाला, की दाहींविरुद्धच्या उठावानंतर आता तुर्कांवर सूड घेण्याची वेळ आली आहे.

कोण तुर्क? तिथे तुर्क कुणी नव्हतेच. होते ते बोस्नियाचे मुसलमान. त्याच मातीतले, तीच भाषा बोलणारे. त्यानंतरच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा वंशसंहार ठरवला. काराजिच आणि म्लादिच दोघांनाही जन्मठेप झाली.

या नव्या वीरांत आणि जुन्या हायदुकांत एक मोठा फरक आहे, आणि गाणे तोच झाकून टाकते. हायदुक कसाही असो, तो सत्तेविरुद्ध उभा राही आणि जीव पणाला लावी. १९९० नंतरच्या टोळ्यांच्या पाठीशी सत्ताच होती. सर्बियाच्या गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख योवित्सा स्तानिशिच आणि त्याचा सहकारी फ्रांको सिमातोविच यांना २०२३ साली अपिलात पंधरा वर्षांची शिक्षा झाली, ती याच पाठबळापायी. बंदुका सरकारकडून यायच्या आणि वेष तेवढा रानातल्या बंडखोराचा! समोरचा शेजारी तर निःशस्त्र असे.

सगळे सर्ब असेच, असे मात्र कुणी समजू नये. इवान चोलोविच या बेलग्रेडच्याच अभ्यासकाने युद्ध चालू असताना, १९९३ साली, या गाण्यांच्या राजकारणावर टीका करणारे पुस्तक लिहिले. २०२१ साली बेलग्रेडच्या एका भिंतीवर म्लादिचचे चित्र रंगवले गेले, तेव्हा त्यावर अंडी फेकणाऱ्या स्त्रियाही बेलग्रेडमध्येच निघाल्या. पोलिसांनी धरले ते त्यांना.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात वीरगीत शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. शिकवावेच, मुलांचा ऊर भरून आला पाहिजे. पण गाणे संपले की तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. या वीराला हिवाळ्यात भाकरी कुणी दिली? त्याने लुटले ते कोणाला? आणि आज हे गाणे जो मोठ्याने म्हणतो आहे, तो कोणाला शत्रू म्हणतो आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी इतिहास कळतो. तिसरा प्रश्न वेळेवर विचारला, तर एखाद्या शेजाऱ्याचा जीव वाचतो.